थोडा दम लागू दे

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून बाई घरी आली की भेटायला येणाऱ्या प्रत्येकीकडे तिच्यासाठी एक तरी सल्ला असतो. पिशवी उचलू नकोस, जिने चढू नकोस, उन्हात फिरू नकोस, पडून राहा. त्यामागची माया खरी असते, म्हणून तो मोडवतही नाही. पण गेल्या तीसेक वर्षांत अशा सल्ल्यांची चांगली कसून तपासणी झाली आहे, आणि त्यांतले बरेचसे तिथं टिकलेले नाहीत. भारतातल्या स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्यातून बाहेर पडलेल्या बायकांनी पुढे किती हलायचं, हा प्रश्न त्यामुळे थोड्याथोडक्यांचा नाही.

‘थकवा आहे ना, मग झोपून राहा.’

केमोथेरपीनंतरचा थकवा रोजच्या दमणुकीसारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही, आणि कधीकधी उपचार संपल्यावरही महिनोन् महिने रेंगाळतो. इथेच आपली गफलत होते. दमलेल्याला विश्रांती, हा साधा हिशेब आपण इथेही लावतो. बाई पडून राहते, स्नायू आणखी ढिले पडतात, हृदयाची सवय मोडते, आणि मग न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागते. ती धाप पाहून घरचे म्हणतात, बघ, अजून अशक्तपणा आहे. पुन्हा झोप!

हे चक्र उलटं फिरवणारा उपाय म्हणजे एरोबिक व्यायाम. हृदय आणि फुप्फुसांना सलग काही मिनिटं कामाला लावणारी कोणतीही हालचाल त्यात मोडते. भरभर चालणं, सायकल, पोहणं, गाण्यावर नाचणं, काहीही. कॉक्रेनच्या २०१२ सालच्या आढाव्यात कर्करोगाच्या थकव्यावरचे ५६ अभ्यास एकत्र पाहिले गेले, आणि त्यात थकवा कमी करण्यात एरोबिक व्यायामाचा स्पष्ट उपयोग दिसला. २०१७ सालच्या आणखी मोठ्या आढाव्यात ११३ अभ्यास आणि साडेअकरा हजारांवर रुग्ण होते. त्यात व्यायाम आणि समुपदेशन हे दोन्ही थकव्यावरच्या औषधांपेक्षा सरस ठरले. मात्रा किती, तर अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर सांगितली ती आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, साधारण तीन महिने. दहा हजार पावलांचा धाक घालणाऱ्या घड्याळाची त्यासाठी गरज नाही.

‘त्या बाजूच्या हाताने काही उचलू नकोस, हात सुजेल.’

या समजुतीवर थोडं थांबायला हवं, कारण हिच्यामागे खरी भीती आहे आणि ती बराच काळ डॉक्टरांनीच घातलेली होती. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या किंवा तिथं रेडिएशन दिलं, की हातातल्या लसिका द्रवाचा परतीचा रस्ता अरुंद होतो. काही जणींच्या हातावर सूज येते, ती जड असते आणि चिवटही. त्यामुळे बादली नको, कपडे पिळणं नको, नातवंडाला कडेवर घेणं नको अशी यादी बायकांच्या हाती पडायची.

१९९६ साली कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या यादीला सरळ आव्हान दिलं. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या २४ स्त्रियांना घेऊन त्यांनी ड्रॅगन बोटीचा संघ बांधला. या लांबलचक होड्यांत वल्ही मारायची म्हणजे सगळा जोर खांद्यावर आणि दंडावर, तोही पुन्हा पुन्हा. जे करू नका म्हणून सांगितलं जाई, नेमकं तेच! हंगाम संपला तेव्हा एकीलाही नव्याने सूज आलेली नव्हती. २४ जणींवरून शास्त्र ठरत नाही, हे खरं. पण पुढे २००९ साली अमेरिकेत हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांची चाचणी झाली. निम्म्या जणींनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट सूज उसळण्याचा त्रास व्यायाम करणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींना झाला आणि न करणाऱ्यांपैकी २९ टक्के जणींना.

याचं कारण शरीररचनेत आहे. रक्त ढकलायला हृदय आहे, तसं लसिका द्रवासाठी वेगळं इंद्रिय आपल्याला नाही. तो पुढे सरकतो त्यात आजूबाजूचे स्नायू आवळण्या-सैलावण्याचा आणि खोल श्वासाचा मोठा वाटा असतो. हात गळ्यात बांधल्यासारखा ठेवला तर ही मदतच बंद होते. अर्थात या प्रयोगांतल्या ‘हळूहळू’ आणि ‘देखरेखीखाली’ या दोन शब्दांकडे काणाडोळा करू नये. त्या चाचणीतल्या स्त्रिया व्यायाम करताना दाब देणारी बाही घालत होत्या. पहिल्याच दिवशी पाण्याचा हंडा उचलून पाहणं म्हणजे व्यायाम नव्हे. आणि हात अचानक लाल, गरम झाला, ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

‘घरकाम करते की, तोच माझा व्यायाम.’

अर्धसत्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली, त्यामुळे दम वाढवणारी कोणतीही हालचाल हिशेबात धरता येते. फरशी जोर लावून पुसणं धरा. ओट्याशी दोन तास उभं राहून पोळ्या करणं मात्र धरू नका. त्यात पाय दुखतात, पण हृदयाला काम लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे.

‘कर्करोग गेला ना, आता धोका कसला?’

हा गैरसमज सहसा कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते सर्वांत महाग पडतो तो हाच. डॉक्सोरुबिसिनसारखी केमोची औषधं आणि ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन काही जणींच्या हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतात. त्यात महिनोन् महिने बसून काढलेले असतात, वजनही वाढलेलं असतं. एका अमेरिकी अभ्यासात २४८ रुग्ण स्त्रियांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली, तेव्हा ती निरोगी पण व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांपेक्षाही सरासरी २७ टक्क्यांनी कमी निघाली. अमेरिकेतच ६६ वर्षांवरच्या ६३ हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्यांत स्तनाच्या कर्करोगापेक्षा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू थोडे जास्तच होते. चालण्याचं खरं काम इथे आहे. ते दुसऱ्या स्तनाच्या मॅमोग्राफीइतकंच नेमाने व्हायला हवं, पण फॉलोअपच्या कागदावर ते क्वचितच लिहिलेलं असतं.

‘रोज चाललं की कर्करोग परत येत नाही.’

आता उलट्या टोकाचा उत्साह. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात २,९८७ स्त्रियांची माहिती २००५ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याला तीन ते पाच तास मध्यम वेगाने चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये या कर्करोगाने मृत्यू येण्याचं प्रमाण, जवळपास न चालणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे निम्मं दिसलं. आकडा मोहात पाडणारा आहे. पण हे निरीक्षण होतं. ज्यांची तब्येत मुळात बरी, त्याच जास्त चालत असतील, ही शंका अशा अभ्यासातून पुरती जात नाही. २०२५ मध्ये ८८९ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत नियोजित व्यायामाने आयुर्मान वाढल्याचं दिसलं, पण ते रुग्ण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे होते. तेव्हा चालण्याच्या भरवशावर हार्मोनच्या गोळ्या बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

गंमत अशी की त्या गोळ्या चालू ठेवायला चालणंच मदत करू शकतं. ॲरोमॅटेज इन्हिबिटर गटातल्या गोळ्यांनी सांधे इतके धरतात की पुष्कळ बायका त्या मधेच सोडतात. येल विद्यापीठाच्या २०१५ सालच्या चाचणीत अशा १२१ स्त्रिया होत्या. ज्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं एरोबिक आणि दोनदा ताकदीचा व्यायाम वर्षभर केला, त्यांच्या सर्वाधिक वेदनेचा गुणांक २९ टक्क्यांनी उतरला. इतरांचा तीन टक्क्यांनी चढला.

‘आजार पसरलाय, आता कसला व्यायाम?’

युरोपातल्या पाच देशांत आणि ऑस्ट्रेलियात शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ३५७ रुग्णांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. नऊ महिने देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांचा थकवा कमी झाला आणि जगणं सुसह्य झालं. हाडांत गाठी असतील तर मात्र कोणतं हाड किती भार पेलेल हे आधी तपासून घ्यावं लागतं. उड्या, झटके, कमरेतून पिळा देणाऱ्या हालचाली टाळाव्या लागतात. हिमोग्लोबिन फार खाली असेल, प्लेटलेट घसरल्या असतील, छातीत दुखत असेल किंवा ताप असेल, तर त्या दिवशी व्यायामाला सुट्टी. केमोने तळपाय बधिर झाले असतील तर पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर फिरण्यापेक्षा घरात जागेवरची सायकल बरी. तीही नसेल तर सोसायटीच्या कोरड्या व्हरांड्यात, पायात घट्ट बसणारे बूट घालून, सुरुवातीला पाचच मिनिटं.