वाळलेली दिसते, मेलेली नसते

आम्ही खराडीच्या बायका. आमच्या गावाच्या कडेनं मुळा-मुठा वाहते. या नदीचं पाणी लांबून, पश्चिमेच्या सह्याद्रीच्या उतारांवरून येतं. त्याच उतारांवरच्या एका चिमुकल्या वनस्पतीबद्दल आज बोलूया. आपण तिला शेवाळ समजून खरवडून टाकतो, पण ती शेवाळ नाही.

तिच्या कुळाला इंग्रजीत लिव्हरवर्ट म्हणतात आणि मराठी पुस्तकांत यकृतका. या कुळातल्या काहींचा आकार यकृतासारखा, म्हणजे लिव्हरसारखा, दिसतो. म्हणून जुन्या काळी युरोपातले लोक ती लिव्हरच्या दुखण्यावर औषध म्हणून घेत. पण आकार सारखा असला म्हणून औषध होत नाही. घरात कुणाला कावीळ झाली आणि कुणी असला पाला उगाळून द्यायला लागलं, तर घेऊ नका. आधी दवाखाना गाठा.

आपल्या सह्याद्रीत या कुळातली टार्जिओनिया हायपोफायला ही जात सापडते. हे नाव लिनियस या शास्त्रज्ञानं 1753 मध्ये दिलं. जंगलातल्या पायवाटेची कापलेली कड, सावलीतला बांध, खडकाची फट, अशा जागी ती मातीला चिकटून पसरते. नखाएवढी लांब, ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद अशी हिरवी पट्टी. तिला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. खालच्या अंगाला केसांसारखे बारीक धागे असतात, त्यांनी ती माती धरून ठेवते. पाणी ती सगळ्या अंगानं पिते.

मग उन्हाळ्यात ती कशी जगते? पाऊस संपला की पट्टीच्या दोन्ही कडा वर वळून मिटतात. पदर अंगाभोवती गुंडाळून घ्यावा, तसं. खालच्या बाजूला जांभळट-काळे खवले असतात, ते आता बाहेर येतात. हिरवी पट्टी जाऊन तिथे काळ्या दोऱ्याचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. बघणारीला वाटतं, करपून गेली. पण ती वाट बघत असते. पाणी लागलं की पुन्हा उघडते, हिरवी होते.

तिचा संसारही पाण्यावरच चालतो. नराच्या पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीच्या अंगापर्यंत जातात. ओल नसेल तर ही भेटच होत नाही. गर्भ वाढतो तो पट्टीच्या टोकाशी, खालच्या बाजूला, काळ्या शिंपल्यासारख्या दोन झाकणांच्या आत. हायपोफायला या नावाचा अर्थच ‘पानाखाली’ असा आहे. तिथे आईच्याच अंगावर पोसून एक छोटी गोळी तयार होते. त्यात धुळीसारखे बीजाणू असतात आणि पीळ घातलेले धागे. हवा कोरडी झाली की धाग्यांचे पीळ हलतात आणि बीजाणू मोकळे होतात.

झाडंझुडपं नव्हती, तेव्हा अशाच छोट्या, बिनमुळांच्या वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या. जमिनीवरच्या वनस्पतींचे फार जुने बीजाणू सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळाले आहेत. आजही उघड्या पडलेल्या मातीवर यकृतका लवकर येतात. त्या पावसाच्या थेंबांचा मार झेलतात, वरची माती धरतात, ओल टिकवतात. त्या ओलीत मग गवताचं, नेच्याचं रोप धरतं. एकट्या तिच्यामुळे दरड थांबत नाही, हे खरं. पण तिनं धरलेली मूठभर माती सुटली, की ती ओढ्यातून नदीत आणि धरणात गाळ होऊन जाते. त्याच नदीकाठी आम्ही राहतो.

म्हणून डोंगराकडच्या मैत्रिणींना आमचं सांगणं आहे. श्रमदानात वाट साफ करताना चालायची जागा जरूर घासा, नाहीतर पाय घसरेल. पण कडेचा बांध चकाचक करू नका. गवत पेटवू नका. सावली देणारं झुडूप राहू द्या.

आणि उन्हाळ्यात रानात गेलात, बांधावर असे काळे दोरे दिसले, तर उपटू नका. बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा आणि घोटभर आपण पिऊन तिथेच टेका. मिटलेल्या कडा उघडायला लागतील. सोबत मुलगी असेल तर तिलाही दाखवा.