विश्लेषण : जुना सांगाडा, नवे कान… पाणबुडीच्या शोधासाठी वापरलेली विमाने घेणे कितपत परवडते?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराचे काय होते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. परदेशातून जुने लोखंड जहाजाने येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. पाणबुडीविरोधी गस्ती विमानांच्या बाबतीत नेमके उलटे होते. तिथे जुना सांगाडा जपला जातो आणि आतली यंत्रे बदलली जातात. जगातील अनेक नौदलांनी हा मार्ग धरला. अर्जेंटिनाने नॉर्वेकडून चार वापरलेली पी-३ विमाने घेतली, त्यातले पहिले सप्टेंबर २०२४ मध्ये पोहोचले. भारताचा या व्यवहारातील अनुभव त्याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याचे केंद्र आपल्या शेजारी, गोव्यात आहे.

पाणबुडीची चिंता जालन्याने का करावी?

मुंबईचा समुद्र इथून सुमारे चारशे किलोमीटर. पण भंगाराचा कंटेनर न्हावा शेवा बंदरातूनच येतो. जेएनपीएच्या जालना ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, तीही याच बंदराशी जिल्ह्याला जोडण्यासाठी. अरबी समुद्रातली वाट बंद पडली तर भट्टी थंड व्हायला वेळ लागणार नाही.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने भारताची ‘खुकरी’ युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आता चीनच्या मदतीने पाकिस्तान आठ नव्या पाणबुड्या घेत आहे. त्या वर्गाचे नावही ‘हंगोर’च आहे.

विमानाला पाण्याखालचे दिसते कसे?

दिसत नाही, ऐकू येते. रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत, त्यामुळे रडारचा उपयोग पाणबुडीचा पेरिस्कोप किंवा हवा घेण्याची नळी वर आली तरच. खरे काम ‘सोनोबॉय’ करतात. हातभर लांबीच्या या नळ्या विमानातून टाकल्या जातात. पाण्यावर पडताच तरंगणारा भाग वर राहतो, ध्वनिग्राहक तारेच्या टोकाला खोल उतरतो आणि ऐकलेला आवाज रेडिओने विमानाला कळवतो. अशा अनेक नळ्यांची रांग टाकली, की आवाज कोणत्या दिशेने सरकतो आहे याचा अंदाज बांधता येतो. विमानाच्या शेपटीतून मागे आलेला लांब दांडा असतो, त्यात ‘मॅड’ हे उपकरण. पाणबुडीच्या पोलादामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा बारीकसा फरक ते टिपते. मात्र त्यासाठी विमानाला खाली, पाणबुडीच्या जवळपास वरून जावे लागते. ठिकाण पक्के झाले की पाणतीर सोडायचा.

या कामात विमानाचा वेग दुय्यम ठरतो. तासन्‌तास हवेत राहणे, भरपूर नळ्या वाहून नेणे आणि आत बसलेल्यांना आवाज ओळखता येणे महत्त्वाचे. म्हणूनच प्रवासी विमानाचा सांगाडा इथे चालतो. आयएल-३८ हे सोव्हिएत आयएल-१८ या प्रवासी विमानावरून केले होते. त्याचे पंख मूळ जागेपासून तीन मीटर पुढे सरकवावे लागले, कारण यंत्रे पुढच्या भागात बसवल्याने वजनाचा तोल पुढे गेला होता. आजचे पी-८ हेही मुळात बोइंग ७३७ आहे.

भारताने ही वाट कधी धरली?

दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला मोडीत काढून टाकलेल्या ‘लिबरेटर’ बॉम्बफेकी विमानांपासून. त्यातली चाळीसच्या आसपास विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुन्हा उभी केली. पुण्यातील हवाई दलाच्या सहाव्या स्क्वॉड्रनने ती सागरी टेहळणीसाठी १९६८ पर्यंत उडवली. त्यांच्या जोडीला आली एअर इंडियाची प्रवाशांसाठी वापरून झालेली ‘सुपर कॉन्स्टेलेशन’. १९७१ च्या युद्धात समुद्रावरची लांब पल्ल्याची नजर हवाई दलाच्या या विमानांवर होती. ही जबाबदारी, विमानांसकट, नौदलाकडे आली ती १९७६ मध्ये.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७७ रोजी, गोव्यातील दाबोळी येथे आयएनएस हंसा तळावर ३१५ क्रमांकाची तुकडी उभी राहिली. तिची आयएल-३८ विमाने सोव्हिएत नौदलाने वापरलेली होती. या विमानांचे उत्पादन १९७२ मध्येच थांबले होते. ताफा पुढे पाचवर गेला.

‘सी ड्रॅगन’मुळे काय बदलले?

२००१ मध्ये रशियाशी आधुनिकीकरणाचा करार झाला. नवे रडार, नवी ध्वनियंत्रणा, शत्रूचे रेडिओ-रडार संकेत टिपणारे उपकरण आणि हे सारे एकत्र दाखवणारी संगणकप्रणाली, असा तो ‘सी ड्रॅगन’ संच. कॉकपिटच्या मागे छतावर बसवलेल्या पेटीसारख्या चौकटीमुळे बदललेले विमान लांबूनही ओळखता येई.

आणि मग १ ऑक्टोबर २००२ उजाडला. तुकडीच्या रौप्यमहोत्सवी दिवशी दाबोळीजवळ दोन आयएल-३८ हवेतच एकमेकांवर आदळली. विमानांतील १२ जण गेले, जमिनीवरही माणसे दगावली. पाचातली दोन विमाने, म्हणजे देशाचा ४० टक्के आयएल-३८ ताफा, एका सकाळीत संपला. उरली तीन, आणि आधुनिकीकरणासाठी विमाने रशियाला पाठवायची होती. पुढे रशियाने आणखी दोन विमाने दिली. पहिले बदललेले विमान २००६ मध्ये मिळाले, पाचही हाती येईपर्यंत दशक सरत आले.

माझ्या मते या सगळ्या कथेतला खरा धडा इथे आहे. जुनी विमाने घेताना चर्चा किमतीची होते, व्हायला हवी संख्येची. एखाद-दुसरे विमान कायम दुरुस्तीत आणि एखादे परदेशी कारखान्यात असणार हे गृहीत धरले, तर पाचाचा ताफा म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन विमाने.

मग हिशेब बसला की फसला?

बसला, पण मर्यादेत. आयएल-३८ ने ४६ वर्षे सेवा दिली. २६ जानेवारी २०२३ रोजी ते कर्तव्यपथावर पहिल्यांदा आणि शेवटचे उडाले आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी हंसा तळावरच निवृत्त झाले. याच काळात त्याहून मोठ्या टीयू-१४२ च्या आधुनिकीकरणाची चर्चा झाली, प्रत्यक्षात ते आले नाही. १९८८ मध्ये आलेली ही आठ विमाने मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्या जागी पी-८आय येत होतीच : २००९ च्या करारात आठ, २०१६ मध्ये आणखी चार. ‘सी ड्रॅगन’ने नवी विमाने पुरेशी येईपर्यंतची वर्षे भरून काढली, असे म्हणता येईल.

सांगाड्याचे वय मात्र कुठल्याच संगणकाने कमी होत नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच धातूचे. समुद्रावर कमी उंचीवर हवेचे धक्के जास्त, त्यात खारे वारे. बाहेरून न दिसणाऱ्या भेगा आणि गंज शोधण्यासाठी विमान उघडावे लागते, आणि उघडले की नेमका तोच सुटा भाग मिळत नाही, कारण तो बनवणारा कारखाना कधीच बंद झालेला असतो.

सोनोबॉय पाण्यात टाकले की परत येत नाहीत, हाही खर्च कागदावर लपतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने भारताच्या एमएच-६०आर हेलिकॉप्टरांसाठी सोनोबॉयच्या विक्रीला मान्यता दिली, अंदाजित किंमत ५ कोटी २८ लाख डॉलर. विमान जुने असो की नवे, या नळ्या विकत घेतच राहाव्या लागतात.

पाकिस्तानही याच हिशेबातून जात आहे. अमेरिकेकडून मिळालेल्या पी-३सी विमानांपैकी दोन २२ मे २०११ च्या रात्री कराचीच्या ‘मेहरान’ तळावरील हल्ल्यात जळाली. आता एम्ब्राएरची वापरलेली प्रवासी जेट विमाने घेऊन त्यांची ‘सी सुलतान’ गस्ती विमाने करण्याचा त्यांचा प्रकल्प आहे.

भारताकडे पुढे काय?

मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या २५ डॉर्निअर विमानांच्या आधुनिकीकरणासाठी एचएएलशी २,८९० कोटी रुपयांचा करार झाला. काम कानपूरला, जिथे एकेकाळी लिबरेटर मोडीत पडली होती. पण डॉर्निअर किनाऱ्याजवळच्या टेहळणीचे विमान. खोल समुद्रातल्या पाणबुडीची शिकार त्याच्याकडून होणार नाही. ते काम मार्च २०२२ पासून गोव्यातून पी-८आयची ३१६ क्रमांकाची तुकडी करते. आणखी सहा पी-८आयच्या विक्रीला अमेरिकेने एप्रिल २०२१ मध्ये मान्यता दिली, अंदाजित किंमत २.४२ अब्ज डॉलर. त्यानंतर तो व्यवहार वर्षानुवर्षे रेंगाळला. दरम्यान एप्रिल २०२४ मध्ये चीनमधील वुहान येथे पहिली नवी ‘हंगोर’ पाण्यात उतरली.