गाव तेच, राज्य दुसरं

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा मूळ संग्रह भारत सेवक समाजाचा, 1905 पासूनचा. सरकारी अहवाल, गॅझेटियर, जनगणनेचे खंड असं पुष्कळ काही इथे आहे. त्यातली बरीच जुनी पुस्तकं स्कॅन करून संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. पुण्यात खोली घेऊन राहणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हे फार मोलाचं काम आहे. अशा बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना मी फोनवरून शोधाशोधीत मदत करते. घोडं अडतं ते बहुधा नावापाशी.

सगळे म्हणतात ‘दांडेकर समितीचा अहवाल’. वि. म. दांडेकर याच संस्थेचे संचालक होते. पण विकासाच्या अनुशेषावरच्या त्या 1984 च्या अहवालाच्या छापील नावात येतं ते ‘फॅक्ट फाइंडिंग कमिटी’, आणि सूचीत अशा अहवालाचा लेखक म्हणून व्यक्ती नव्हे, बहुधा सरकार लावतात : महाराष्ट्र.

मराठवाड्यातल्या मुलांची पंचाईत याहून मोठी. हिंगोलीच्या एका मुलीला आपल्या गावची 1951 ची लोकसंख्या हवी होती. “मॅडम, हिंगोली जिल्हा टाकलं की काहीच येत नाही.” येणार कसं? हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधी तो भाग परभणीत, आणि 1951 साली परभणी हैदराबाद राज्यात! जनगणनेचा मुंबई राज्यावरचा चौथा खंड कितीही चाळला तरी उपयोग नाही. हैदराबादवरचा नववा काढायचा आणि गावनिहाय आकड्यांसाठी परभणीची जिल्हा जनगणना पुस्तिका. अमरावतीकराने मध्य प्रदेशाचा खंड बघावा, सांगलीकराने जिल्ह्याचं तेव्हाचं नाव शोधावं, ‘दक्षिण सातारा’.

पीडीएफ सापडली तरी सुटका नाही. छापील पान 112 फाइलीत भलतीकडेच असतं. तक्ता कित्येकदा दोन पानांवर पसरलेला : डावीकडे गाव, उजवीकडे आकडे, मध्ये दुवा फक्त अनुक्रमांकाचा. मोबाइलच्या पडद्यावर ओळ हमखास चुकते, म्हणून दोघींनी तेच पान उघडायचं आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचत जायचं. घडीचे नकाशे तर स्कॅन करताना उलगडलेलेही नसतात. तिथे मूळ प्रतच हवी.

म्हणून ग्रंथपालांना मेल करताना ‘माझ्या जिल्ह्याची जुनी माहिती हवी’ एवढ्यावर थांबू नका. गाव, तालुका, साल, त्या साली जिल्हा कुठल्या राज्यात होता आणि नेमका कुठला तक्ता हवा, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये लिहा.