विश्लेषण : औषधाची चाचणी अर्ध्यावर का थांबवतात?

अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या १६,६०८ महिलांवर संप्रेरक उपचारांची चाचणी सुरू होती. जुलै २००२ मध्ये ती मुदतीच्या सुमारे तीन वर्षे आधीच थांबवण्यात आली. संप्रेरकाच्या गोळ्या घेणाऱ्या महिलांमधील स्तनाच्या कर्करोगाने आधीच आखून दिलेली मर्यादा ओलांडली होती.

मर्यादा आधीच का आखतात?

आकडे वारंवार तपासले की निव्वळ योगायोगही परिणामासारखा दिसू लागतो. एकदाच तपासल्यास फसण्याची शक्यता ५ टक्के असेल, तर त्याच निकषावर समान अंतराने पाच वेळा तपासल्यास ती सुमारे १४ टक्के होते. म्हणून ‘क्रमिक चाचणी’त सुरुवातीपासूनच निकष कडक ठेवतात.

ही पद्धत आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड यांनी युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी ती विकसित केली. १९५५ मध्ये न्यूटन मॉर्टन यांनी ती जनुकशास्त्रात आणली. एकेका कुटुंबाचा पुरावा जोडत जायचा आणि ‘लॉड स्कोअर’ ३ झाला, म्हणजे पुरावा हजारास एक असा बाजूने झुकला, की दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळ आहेत असे मानायचे.

नेमका पेच काय?

घाई केली तर चुकीचा निष्कर्ष पदरी पडतो. उशीर केला तर त्याची किंमत चाचणीतील माणसे मोजतात.