बाळाचे पाय बाकदार दिसताहेत? काळजी केव्हा करायची, जाणून घ्या

मूल चालू लागले की घरात कौतुक सुरू होते. त्यातच कोणीतरी म्हणते, 'याचे पाय फेंगडे दिसतात का?' बहुतेक वेळा घाबरण्याचे कारण नसते. जन्मतः बाळाचे पाय थोडे बाकदारच असतात. दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे उलट आत झुकतात आणि सातव्या वर्षापर्यंत पायांना मोठ्यांसारखा आकार येतो.

मग आजार कोणता?

काही मुलांत दोन वर्षांनंतरही बाक वाढतच जातो. त्यामागे ब्लाउंट आजार असू शकतो. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट यांनी १९३७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. नडगीचे हाड गुडघ्याखालच्या कूर्चेतून वाढते. या आजारात कूर्चेच्या आतल्या बाजूची वाढ मंदावते, बाहेरची सुरूच राहते. त्यामुळे हाड वाकते. वाकलेल्या बाजूवर शरीराचा भार जास्त पडतो आणि तिथली वाढ आणखी दबते. लवकर चालू लागलेल्या आणि वजन जास्त असलेल्या मुलांत धोका अधिक. हा आजार दहा वर्षांनंतरही सुरू होऊ शकतो.

मुडदूस वेगळा

ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडल्यास मुडदूस होतो. त्यातही पाय वाकतात. शिवाय मनगटे रुंद दिसतात, दात उशिरा येतात. रक्ततपासणी आणि एक्स-रे काढल्यावर फरक कळतो. मुडदूस औषधांनी आटोक्यात येतो, ब्लाउंट आजार मात्र ड जीवनसत्त्वाच्या थेंबांनी बरा होत नाही.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- दोन वर्षांनंतरही बाक कमी होत नसेल
- एकाच पायाला बाक असेल किंवा एक पाय जास्त वाकलेला असेल
- चालताना गुडघा बाहेर झुकत असेल, मूल लंगडत असेल
- वयाच्या मानाने उंची कमी असेल

उपचार काय?

तीन वर्षांच्या आत निदान झाल्यास काहींना पट्ट्यांचा आधार (ब्रेस) देतात. त्याने फरक न पडल्यास शस्त्रक्रिया करून हाड सरळ करतात. ती चार वर्षांच्या आत झाल्यास बाक परतण्याची शक्यता कमी असते. काही मुलांत छोटी प्लेट बसवून वाढीला दिशा देतात.

मालिशने हा बाक जात नाही. 'मोठा झाला की होईल सरळ' म्हणत वर्षे घालवली, तर सोपा उपचार अवघड होतो.