गोदामातील यंत्रमानव आणि कोकणचा कामकरी

आंब्याच्या हंगामात रत्नागिरी जिल्ह्यातील हापूसच्या पेट्या मालमोटारींतून वाशीच्या घाऊक बाजारात जातात. बागेतील गड्यापासून बाजारातील माथाडी कामगारापर्यंत प्रत्येक पेटी अनेक हातांतून पुढे सरकते. गोदामातील माल उतरविणे, निवडणे, रचणे ही कामेही अशीच हातांच्या बळावर चालत आली. आता त्यांपैकी काही कामे यंत्रमानव करू लागले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला मनुष्यबळ पुरविणाऱ्या रत्नागिरीने हा बदल नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राची कार्यपद्धती

‘रोबोट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकामुळे जगभर रूढ झाला. नाटकातील यंत्रमानव माणसासारखे होते. गोदामातील यंत्रमानव म्हणजे बहुधा चाकांची एक बुटकी गाडी असते. जमिनीवरील खुणा वाचीत ती मार्ग काढते, मालाच्या मांडणीखाली शिरते, मांडणी उचलते आणि कामगारापुढे आणून ठेवते. पूर्वी वस्तू शोधण्यासाठी कामगाराला दिवसभर चालावे लागे; आता वस्तूच त्याच्याकडे येते. कोणत्या गाडीने केव्हा कोठे जावे, हे संगणक ठरवितो.

अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१२ मध्ये अशी यंत्रे बनविणारी किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. २०२५ पर्यंत तिच्याकडील यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर गेली. महाराष्ट्रातही पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स ही कंपनी पार्सलांची वर्गवारी करणारे यंत्रमानव तयार करते.

यंत्राच्या मर्यादा

ठराविक आकाराचे खोके आणि त्यांवरील बारकोड यंत्राला सोयीचे पडतात. सैल गोणी, वेडेवाकडे बोचके किंवा मालमोटारीत दाटीने रचलेल्या पेट्या हाताळणे त्याला अद्याप अवघड जाते. शिवाय सपाट जमीन, अखंड वीज आणि वर्षभर पुरेल इतका माल असल्याखेरीज त्यावरील खर्च भरून येत नाही. दोन-तीन महिन्यांच्या आंबा हंगामाला हे गणित सहसा परवडणारे नाही. म्हणून हा बदल प्रथम मोठ्या शहरांलगतच्या गोदामांत दिसतो.

श्रमिकांचा प्रश्न

डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले. त्यातूनच १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम अस्तित्वात आला. या कायद्याखालील मंडळांमार्फत कामगारांना मजुरी, भविष्य निर्वाह निधी व अन्य लाभ मिळतात. त्यांसाठी मालकांकडून मजुरीच्या प्रमाणात आकार घेतला जातो. साहजिकच हाताने होणारे काम घटले, तर मजुरीबरोबर हा आकारही घटतो. पाठीवरचे ओझे यंत्राने घ्यावे, हे इष्टच आहे. परंतु ओझ्याबरोबर कामगाराचे संरक्षणही निघून जाऊ नये, याचा विचार वेळीच व्हावयास हवा.

१९८२ च्या गिरणी संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्याची झळ कोकणातील असंख्य घरांना लागली. त्या वेळची कारणे निराळी होती. मात्र एकाच प्रकारच्या रोजगारावर विसंबलेल्या गावावर काय ओढवते, याचा धडा तेथे मिळाला.

पुढील दिशा

यंत्रमानव आला की त्याच्या विद्युत्‌घटांची निगा, चाकांची व संवेदकांची दुरुस्ती, संगणकावरील देखरेख ही नवी कामे येतात. परंतु ही कामे संख्येने कमी असतात, त्यांना शिक्षण लागते आणि ओझे उचलणाऱ्याच्या हाती ती आपोआप पडत नाहीत. रत्नागिरीतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था व शासकीय तंत्रनिकेतन यांचे महत्त्व येथेच आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या शाखांची वेळीच ओळख करून द्यावी. गोदामातील कामासाठी गाव सोडणाऱ्या तरुणांची नोंद ग्रामपंचायतींनी ठेवल्यास प्रशिक्षणाची गरज कोठे आहे, हे कळू शकेल. यंत्र गावाच्या दारी येण्यापूर्वी गावातील तरुण यंत्रापर्यंत पोहोचला, तर हा बदल संकट न ठरता संधी ठरू शकेल.