गाडीच्या इंजिनाचे सेन्सर : आधी तपासा, मग बदला

पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील उमरगा परिसरात तूर, सोयाबीन बाजारात नेण्यासाठी अनेक शेतकरी पिकअप किंवा जीप वापरतात. ऐन सुगीत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडी ओढत नाही. अंदाजाने सेन्सर बदलला जातो, हजारो रुपये जातात आणि दोष तसाच राहतो. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांत सेन्सरची संख्या वाढली आहे. म्हणून तपासणीची पद्धत माहीत असणे फायद्याचे आहे.

आवश्यक साधने : कोड वाचणारा स्कॅनर, डिजिटल मल्टिमीटर आणि गाडीची माहितीपुस्तिका.

तपासणीचा क्रम

1) प्रथम बॅटरी तपासावी. इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट व चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट असावेत. दाब कमी असल्यास खोटे कोड येतात.

2) स्कॅनर डॅशबोर्डखालील सॉकेटला जोडून कोड लिहून घ्यावा, लगेच पुसू नये. कोड दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे ते सांगतो, सेन्सरच खराब आहे असे सांगत नाही. उदा. पी 0118 हा कोड कुलंट तापमानाच्या सर्किटचा आहे. तुटलेल्या वायरमुळेही तो येतो.

3) वायरिंग डोळ्यांनी पाहावे. उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, कनेक्टरमध्ये पाणी व गंज साठतो.

4) कनेक्टर काढून चावी चालू करावी व वायरच्या बाजूने व्होल्ट मोजावेत. साधारण 5 व्होल्ट मिळाल्यास वायरिंग बहुधा ठीक समजावे.

5) चावी बंद करून सेन्सरचा रोध मोजावा. अनेक कुलंट सेन्सरमध्ये तो 20 अंश सेल्सिअसला सुमारे 2500 ओहम, तर 80 अंशाला 300 ओहमच्या आसपास असतो. तापमान वाढूनही रोध कमी होत नसेल तरच सेन्सर बदलावा.

स्टार्टर फिरतो पण इंजिन सुरू होत नसेल, तर स्कॅनरवर फेरे पाहावेत. ते शून्य दिसल्यास क्रँक सेन्सर व त्याची वायर तपासावी.

दक्षता : वायरला टाचणी टोचू नये, साधा टेस्ट लॅम्प लावू नये. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब 1000 बारच्या वर जातो. चालू इंजिनाची नळी कधीही सैल करू नये, धार कातडी भेदून आत शिरते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, मेकॅनिककडे गेल्यावर आधी कोड व मोजमाप विचारा, मगच नवीन सेन्सर घ्या.